स्टीलच्या डब्यातला गाळ

८ फेब्रुवारी, रविवार

ही वही फिल्टरसाठी आहे. कामावर प्रत्येक यंत्राची वही असते, तशी. तारीख, वेळ, काय केलं. बाकी काही लिहायचं कारण नाही.

सकाळी बाबा म्हणाले, "जावईबापू, टाकीचा आवाज बंद आहे."

बाबा म्हणजे सासरे. सासूबाई गेल्या तेव्हा हिने त्यांना इकडे आणलं. चार वर्षं मागच्या खोलीत राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, पण कान माझ्यापेक्षा चांगले. मला आवाज बंद झाल्याचं कळलंच नव्हतं.

माशांच्या टाकीची मोटर जळली होती. फिल्टर उघडला. आतला स्पंज तपकिरी आणि बुळबुळीत होता, बोट लावलं तर शेवाळी साय हाताला आली. दोन वर्षं ही वस्तू आमच्या बैठकीच्या खोलीत होती. ही दर रविवारी टाकीतलं बादलीभर पाणी काढायची, महिन्यातून एकदा त्यातच स्पंज दोनदा पिळायची आणि तसाच तपकिरी परत लावायची. नळाखाली धर म्हणून मी कितीदा सांगितलं. "तुम्ही तुमच्या कात्र्या उकळा," म्हणायची.

स्पंज आणि जुना फिल्टर फेकून दिला. हात तीनदा धुतले.

हिला जाऊन आज चाळीस दिवस झाले.

मासे: ७.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पाळीव प्राण्यांच्या दुकानात नवे फिल्टर पाहिले. सगळे बंद डबे. पूर्ण सुटे होत नाहीत, कोपऱ्यात घाण राहणारच. असली वस्तू इस्पितळात आमच्या निर्जंतुकीकरण विभागात आली असती तर मी परत पाठवली असती.

दुकानातल्या बाई फोनवर बोलत होत्या. पाणी चांगलं राहायला काय लागतं, विचारलं. "स्वच्छ ठेवायचं," म्हणाल्या आणि परत फोनवर बोलायला लागल्या.

फक्त हवेचा पंप आणि नळी घेतली. फिल्टर घरी करणार. अट एकच: प्रत्येक भाग सुटा झाला पाहिजे आणि एकशे एकवीस अंशांची वाफ सहन केली पाहिजे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फिल्टर झाला. स्टीलचा झाकणाचा डबा, बुडाला आणि बाजूंना बारीक भोकं. तळाला गोटे, वर गॉजचे आठ थर. झाकणातून स्टीलची नळी वर, तिच्या तळाशी हवेची नळी. बुडबुडे वर जाताना पाणी ओढतात, ते गोट्यांतून आणि गॉजमधून गाळून येतं. साधी गोष्ट आहे. भोकं पाडायला अडीच तास लागले. तेवढा वेळ बरा गेला.

सगळे भाग काल कामावर नेऊन ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेच्या यंत्रातून, काढले होते. हिरव्या कापडात नीट बांधून, वर पट्टी लावून. पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या की वाफ आतपर्यंत पोचली असं समजायचं. झाल्या होत्या.

बाबा खुर्ची आणून बघत बसले होते. ते एकतीस वर्षं शहराच्या सांडपाणी केंद्रात होते. अख्ख्या शहराच्या मोऱ्यांचं पाणी त्यांच्याकडे यायचं आणि ते साफ करून नदीत सोडायचे. आमचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाले होते, "मुलगी गटारातून काढली आणि उकळत्या पाण्यात दिली." सगळे हसले होते. मीही हसलो असेन.

"हे गॉज किती दिवस ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"तीन. मग टाकून नवं. गोटे आणि डबा परत वाफेवर."

"दर तीन दिवसांनी?"

"हो."

"मी काही सांगू का?"

"नको बाबा. तुमचं क्षेत्र वेगळं."

"ते खरंच," म्हणाले. खुर्ची उचलून खोलीत गेले. जाताना खुर्चीचे पाय फरशीवर घासू नयेत म्हणून ती उचलून नेली. ते नेहमी असंच करतात. चार वर्षांत त्यांनी या घरात एकही खुर्ची ओढलेली नाही.

पाणी काचेसारखं. मासे: ७.

१५ फेब्रुवारी, रविवार

गॉज बदललं. बाजारात मिळणारं गॉज वापरतो, कामावरचं नाही. डबा आणि गोट्यांचा दुसरा सेट तयार होता, तो लगेच बसवला. आता दोन सेट: एक पाण्यात, एक कापडात.

दुपारी मेव्हण्याचा फोन. हा हिचा धाकटा भाऊ, दीड तासावर राहतो. म्हणाला, "भाऊजी, बाबांना आता इकडे आणतो. तुमच्यावर किती दिवस ठेवायचं? ताई होती तेव्हा गोष्ट वेगळी होती." खोली रंगवून घेतोय, पंधरा मार्चला गाडी घेऊन येईल.

मी बाबांना सांगितलं.

"तुम्ही म्हणाल तसं," बाबा म्हणाले.

"तुम्हाला बरं वाटेल तसं," मी म्हणालो.

मग बराच वेळ आम्ही दोघं टाकीकडे बघत बसलो. फिल्टर उत्तम चाललाय.

मासे: ७.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एक मासा गेला. छोटा, काळ्या डोळ्यांचा. पिवळ्या पिशवीत घातला, गाठ मारली.

बाबांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. "हा बटण होता," म्हणाले. ही सगळ्यांना नावं द्यायची. बाबांनी गाठ सोडून त्याला खिडकीतल्या कुंडीत पुरलं. मी त्यांना हातमोजे दिले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि माती हातानंच सारखी केली.

मासे: ६.

१८ फेब्रुवारी, बुधवार

गॉज बदललं. सेट बदलला. पट्टी काळी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

गॉज बदललं. गॉजवर किंचित पिवळट डाग होता, तीन दिवसांत. म्हणजे तीन दिवसही जास्तच होतायत.

कपाट आवरलं. हिचे कपडे जानेवारीत दोनदा गरम पाण्यातून काढले होते, ते पुन्हा एकदा बाहेर काढून घडी घातले. बाबा दारात आले आणि हिची उशी मागितली. दिली. त्यांनी ती तोंडाजवळ धरली, थोडा वेळ तशीच, आणि परत दिली.

"अभ्रा धुतलेला आहे," मी सांगितलं. "उशीही उन्हात घातली होती."

"हो. स्वच्छ आहे," म्हणाले.

हवी असेल तर ठेवा म्हणालो, तर नको म्हणाले. मग मागितली कशाला, कळलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल एक, आज एक. दोघं सारखेच दिसायचे. बाबा म्हणाले, जुळे. कुंडीत.

पाणी इतकं स्वच्छ आहे की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर टाकीतून वाचता येतं. रोग असणार. म्हणजे कुठून तरी जंतू येतायत. उद्यापासून खाद्याचा चमचाही उकळणार.

मासे: ४.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गॉज, सेट, चमचा.

कामावर आज रेकॉर्ड रूममध्ये गेलो. एकोणीस डिसेंबरचं पान. ऑटोक्लेव्हचा पहिला घाणा, सकाळी सहा दहा. तापमान, दाब, वेळ, सगळं बरोबर. पट्टी चिकटवलेली आहे, काळी. आठवड्याची जंतूंची चाचणी, तीही बरोबर. सेट बांधणाऱ्याची सही माझी.

त्या दिवशी आमच्याच इस्पितळात हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. साधं. दुसऱ्या दिवशी घरी असं म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी ताप आला. अकराव्या दिवशी गेली. मोठे डॉक्टर म्हणाले, संसर्ग कुठूनही होऊ शकतो, शरीरातूनच झाला असणार. चौकशीही झाली. माझ्या विभागाचं नाव कुठंच आलं नाही.

हे फिल्टरच्या वहीत लिहायला नको होतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गॉज. सेट. जेवणात अंडी आणि भात. बाबा म्हणाले मीठ नाही. मला कळलं नव्हतं. मीठ आणून दिलं. "तुम्हीही घ्या," म्हणाले, "तुमच्याही पानात नाहीये." घेतलं. फरक कळला नाही.

१ मार्च, रविवार

काल आणखी एक. लाजरी. तीनच राहिले.

मेव्हण्याचा फोन आला, रंग झाला म्हणे. फिकट निळा. बाबांनी बॅग माळ्यावरून काढून मागितली. मी काढली, पुसून दिली.

"पंधरा दिवस आधी?" मी विचारलं.

"म्हाताऱ्या माणसाचं सामान हळूहळू भरतं," म्हणाले.

बॅगेत एक शर्ट घातला आणि तिच्याकडे बघत बसले. मला वाटलं, त्यांना जायची घाई आहे. साहजिक आहे. या घरात आता त्यांच्याशी बोलायला कोण आहे?

५ मार्च, गुरुवार

परवा आणखी एक गेला. खडूस. हेडबाई आणि कंदील राहिले. नावं बाबांनी सांगितली म्हणून लिहितोय.

इन्चार्ज सिस्टरांनी आज ऑटोक्लेव्ह उघडताना कापड सोडलं आणि आत गोटे सापडले. नाकाच्या शस्त्रक्रियेच्या सेटशेजारी नऊ गोटे आणि एक स्टीलचा डबा. सव्वीस वर्षांत माझ्याकडून एकदाही नियम मोडला गेला नव्हता. मला वाटलं ओरडतील. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला बसायला सांगितलं.

"भाऊ, हे काय आहे?"

"माशांचा फिल्टर."

"एकोणीस डिसेंबरचं पान तुम्ही किती वेळा काढलंत?"

मी गोटे मोजायला लागलो.

"रेकॉर्डवाले म्हणतात, अकरा वेळा. सगळं बरोबर आहे ना त्यात?"

"हो. सगळं बरोबर आहे."

"मग?"

काय सांगणार? सगळं बरोबर आहे, हाच तर प्रश्न आहे. चूक सापडली असती तर तिच्यापाशी थांबता आलं असतं. हे मी बोललो नाही, आत्ता लिहिताना सुचलं.

उद्यापासून आठ दिवस रजा. मागितली नव्हती. गोटे त्यांनी कागदाच्या पिशवीत घालून दिले, वाफेवर पूर्ण झालेले. संध्याकाळी गॉज आणि सेट बदलला.

८ मार्च, रविवार

आज लांब लिहावं लागणार.

सकाळी नऊला गॉज आणि सेट बदलायचा होता. गोटे घरच्या कुकरमध्ये उकळून घेतले. ते ताटात घेऊन बाहेर येतो तर बाबा टाकीसमोर खुर्ची टाकून बसलेले. पाठ टाकीला, तोंड माझ्याकडे. खुर्ची आणताना ओढली असणार, फरशीवर दोन रेघा उठल्या होत्या.

"बाबा, जरा सरका."

"आज नाही."

"तीन दिवस झाले."

"होऊ देत. जावईबापू, मी चार वर्षं या घरात पाहुण्यासारखा राहिलो. मुलीच्या घरी बापानं कमी बोलावं, असं मानणारा माणूस मी. पण आता पंधरा तारखेला जातोच आहे. पाहुण्याचा मान ठेवून झाला. आता मी बोलणार आणि तुम्ही ते ताट खाली ठेवणार."

मी ठेवलं.

"पाणी कशानं खराब होतं?"

"घाणीनं. जंतूंनी."

"माशांच्या मुतानं. ते दिसत नाही. पाणी काचेसारखं दिसतं आणि मासा आत जळत असतो. ते मूत खाणारे जंतू असतात. ते कुठं राहतात? गोट्यांवर, चिंध्यांवर, त्या बुळबुळीत सायीत. त्यांना बसायला महिना, दीड महिना लागतो. माझ्या केंद्रावर असल्या गाळाचे चार तलाव होते. साहेब लोक नाकाला रुमाल लावून यायचे आणि विचारायचे, हा गाळ काढून टाकत का नाही? मी सांगायचो, साहेब, कामगार काढून टाकले तर काम कोण करणार?"

मला आधी काही वाटलं नाही. मग मी मोजलं. पंधरा, अठरा, एकवीस, चोवीस, सत्तावीस, दोन, पाच. सात वेळा.

"आणि हिचा तो स्पंज..."

"दोन वर्षांचे कामगार होते त्यात. मी शिकवलं होतं तिला, टाकीच्याच पाण्यात पिळ, नळाखाली नको. नळातलं औषध मारतं त्यांना."

"म्हणजे पाच मासे मी मारले."

"हो," बाबा म्हणाले.

एवढंच. 'तसं नाही हो', 'तुम्हाला कुठं ठाऊक होतं', असलं काही नाही. 'हो' म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगू का विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, क्षेत्र वेगळं. मला राग आला. आला तो आला, आणि मी मान ठेवतोय असं स्वतःला सांगत राहिलो. बटण गेला तेव्हा बोलायला हवं होतं. लेकीचे मासे आणि मी खुर्ची उचलून खोलीत जातो." त्यांनी मान वळवून टाकीकडे बघितलं. "तेव्हा पाच तुमचे एकट्याचे नाहीत. निम्मे माझ्या नावावर घाला."

"पाचाचे निम्मे कसे करणार?"

"अडीच. तुम्हीच सगळं मोजता ना, मोजा."

मी हसलो का ते आठवत नाही. ताटातले गोटे अजून गरम होते. मी म्हणालो, "बाबा, एकोणीस तारखेला हिच्या ऑपरेशनचा सेट मी बांधला होता. माझी पाळी नव्हती. मुद्दाम मागून घेतला."

"माहीत आहे."

"कसं?"

"सकाळी तिनेच सांगितलं. चाकाच्या खाटेवर होती, आत नेत होते. म्हणाली, बाबा, आज माझं सामान यांनी बांधलंय, काळजी करू नका."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मार्च. आठ. रविवार. लाल अक्षरात.

"मग तुम्हाला कधी वाटलं नाही?"

"वाटलं तर. सुरुवातीला रोज वाटायचं. तुमच्याकडे बघून जेवण उतरायचं नाही. मग मी तुम्हाला बघत राहिलो. सकाळपासून रात्रीपर्यंत. चमचा उकळणारा माणूस. म्हटलं, याच्या हातून ते झालेलं नाही. हा माणूस काही मारेल तर जास्त धुऊन मारेल, कमी धुऊन नाही." खुर्चीवर जरा पुढे सरकले. "माशांचं तोंडावर हो म्हणालो ना मी? लेकीचंही तसं असतं तर तोंडावर म्हणालो असतो. तुमची भीड ठेवली नसती. नाही. तुमच्या हातून नाही झालं."

मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेलो. गोटे थंड होईपर्यंत तिथं उभा होतो. मग भांडी घासली. घासलेलीच होती.

गॉज बदललं नाही. मासे: २.

९ मार्च, सोमवार

बाबांनी नियम सांगितले. फिल्टरला हात लावायचा नाही. रोज दोन तांबे पाणी काढायचं, दोन तांबे घालायचं, तेही आदल्या दिवशी उघडं ठेवलेलं. खाद्य चिमूटभर. बाकी काहीही करायचं नाही.

काहीही न करणं हे काम म्हणून कोणी मला कधी दिलेलं नाही. दुपारी तीनदा हात धुतले. चौथ्यांदा उठलो तेव्हा बाबा आतून म्हणाले, "कुठं निघालात?" बसलो.

११ मार्च, बुधवार

कंदील गेला. बाबा म्हणाले, उशीर झालाय, गाळ बसायला वेळ लागतो, तोवर हेडबाई टिकली तर टिकली.

कुंडीत मी पुरला. हातमोजे विसरलो.

१३ मार्च, शुक्रवार

हेडबाई सकाळी तळाशी होती. कल्ले हलत होते. बाबांनी टाकीतलं निम्मं पाणी काढायला सांगितलं, शिळं पाणी होतं तेवढं घातलं. दिवसभर दोघं आळीपाळीनं बसलो. बाबा तिच्याशी बोलत होते. "हेडबाई, शाळा भरलीय, उठा." दुपारी एकदा वर आली, आम्ही दोघंही उभे राहिलो. मग पुन्हा खाली.

पाच वाजता गेली.

ही दोन वर्षं यांना सांभाळत होती. मी पाच आठवडे.

मासे: ०.

पंप चालूच आहे. बंद करायला गेलो तर बाबा म्हणाले, राहू दे. कशासाठी, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१५ मार्च, रविवार

मेव्हणा साडेदहाला आला. बाबा तयार होते. इस्त्रीचा शर्ट, बॅग दारापाशी. मेव्हण्यानं टाकीत डोकावून बघितलं.

"अरेच्चा, रिकामी? भाऊजी, काढून टाका आता ही. जागा किती अडवते. ताईचं म्हणून ठेवलीय, पण मासेच नाहीत तर काय उपयोग?"

"हो," मी म्हणालो.

चहा झाला. मेव्हणा फिकट निळ्या रंगाविषयी बोलला. खिडकी पूर्वेला आहे म्हणाला. बाबा ऐकत होते. मी ऐकत होतो. मग मेव्हण्यानं बॅग उचलली. बाबा उठले, खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि माझ्याकडे वळले.

"बराय तर, जावईबापू."

मी कारण शोधत होतो. गाळ बसायला अजून महिना लागेल, मला त्यातलं कळत नाही, हे हेडबाई असतानाच मनात तयार करून ठेवलं होतं. पण टाकीत मासे नाहीत. ज्याला मासे नाहीत त्याला गाळ कशाला? ते कारण गेलं. दुसरं सापडेना. बाबा उभे. मेव्हणा जिन्यात. बॅगेचं चाक पायरीवर आपटलं तो आवाज आला.

"जाऊ नका," मी म्हणालो.

"काय?"

"तुम्ही जाऊ नका. मला तुम्ही इथं हवे आहात."

मला वाटलं, बाबांना ऐकू गेलं नाही. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"हे फेब्रुवारीत बोलला असतात तर बॅग भरायचा त्रास वाचला असता," म्हणाले. आणि जिन्यातून खाली ओरडले, "अरे, आण ती वर!"

मेव्हणा वर आला. "काय झालं?"

"मी राहतोय."

"इथं? बाबा, लोक काय म्हणतील? मुलगा असताना जावयाकडे? तेही ताई नसताना?"

"लोकांना सांग, गाळ सोडून येता येत नाही."

"कसला गाळ?"

"तुझ्या ताईच्या नवऱ्याचा," बाबा म्हणाले.

मेव्हणा माझ्याकडे बघत होता. चिडला होता, पण भुकेलाही होता, म्हणून जेवून गेला. जाताना म्हणाला, "भाऊजी, मी खोली तशीच ठेवतो. रंग फुकट जायला नको." मी ठेव म्हणालो. मीठ मीच घातलं होतं. बाबा म्हणाले जास्त झालं.

३१ मार्च, मंगळवार

सोळा तारखेपासून कामावर जातोय. इन्चार्ज सिस्टरांनी विचारलं, गोटे? घरी आहेत म्हणालो. एकोणीस डिसेंबरचं पान पुन्हा काढलं नाही. एकदा रेकॉर्ड रूमच्या दारापर्यंत गेलो होतो, हे खरं लिहायला हवं.

रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकतो. ते कुजतं, त्यावर जंतू जगतात. बाबांनी सांगितलं आहे. शेजारीण परवा आली होती, मी टाकीत खाद्य टाकताना तिनं बघितलं, टाकीत कोणी नाही हेही बघितलं, आणि मागायला आलेली साखर घेऊन लगबगीनं गेली. बाबा खोलीत जाऊन हसले. बराच वेळ हसत होते. मी त्यांना हसताना डिसेंबरनंतर पहिल्यांदा ऐकलं.

मासे कधी आणायचे, विचारलं. "गाळ सांगेल," म्हणाले. "आणि हेडबाई परत मिळणार नाही. नवे ते नवे." हो म्हणालो.

आज त्यांनी डबा बाहेर काढायला लावला. टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत धरायचा, नळाखाली नाही. झाकण उघडलं. गोट्यांवर तपकिरी पातळ साय आली होती. गॉजचा रंग गेला होता.

"वास घ्या," बाबा म्हणाले. "चांगल्या गाळाला घाण येत नाही. मी एकतीस वर्षं नाकानं नोकरी केली. घ्या."

एक गोटा उचलून नाकाशी धरला.

"कसला येतोय?"

ओल्या मातीसारखा, म्हणालो. तसा येतच होता. पण ही रविवारी टाकीचं पाणी काढून उठायची, ओल्या हातानं केस मागे सारत जेवायला बसायची, तेव्हा तिच्या हाताला हाच वास यायचा. मी दर वेळी तिला पानावरून उठवायचो. साबण लाव म्हणायचो. ती उठायची, लावून यायची. दोन वर्षं, दर रविवारी. एकदाही नाही म्हणाली नाही.

हे मी बाबांना सांगितलं. सगळं, केस मागे सारण्यापर्यंत. गोटा हातातच होता.

बाबांनी माझ्या हातातून तो घेतला, डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा टाकीत सोडला. बुडबुडे यायला लागले.

"जेवायला बसू," म्हणाले.

मी हात धुवायला मोरीकडे वळलो. पण गेलो नाही. तसाच पानावर जाऊन बसलो.